अंगणाखालचा नकाशा

आपल्याकडे घर बांधायला काढलं की दोन गोष्टींवर घरात महिनाभर वाद चालतो. ओट्याला काळा ग्रॅनाइट की हिरवा, आणि हॉलला कोणता रंग. घरकुलाचं छोटं घर असो की नोकरदाराचा बंगला, चित्र तेच. हल्ली त्यात तिसरी गोष्ट आली आहे, ती म्हणजे अंगणात पेव्हिंग ब्लॉक. पावसाळ्यात चिखल नको, धान वाळवायला जागा हवी, म्हणून ब्लॉक बसवायचे. बरोबरच आहे. पण त्या ब्लॉकखाली काय जाणार, कुठून जाणार आणि कुठे निघणार, हे मिस्तरीला कोणी विचारत नाही. घरातल्या बाईला तर मुळीच विचारत नाहीत. आणि मैत्रिणींनो, नंतर जे काही तुंबतं, गळतं, विझतं ते सगळं तिच्याच वाट्याला येतं.

आमच्या लहानपणी अंगणाखाली काहीच नव्हतं. विहीर होती, दोर-बादली होती, न्हाणीचं पाणी केळीच्या बुडाशी जात होतं. आज गोंदिया जिल्ह्यातल्या साध्या गावातल्या घराचं अंगण उकरून बघा. नळाची लाइन, बोअरच्या मोटारीची केबल, संडासाचा चार इंची पाइप, मोरीच्या सांडपाण्याचा पाइप, आणि ज्यांच्या कोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांच्याकडे गोबर गॅसचा पाइप. यातले निम्मे कुठून गेले ते ज्याने टाकले त्यालाच ठाऊक, आणि तो मिस्तरी आता पुण्याला कामाला गेलेला.

गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. कर्जाचे हप्ते वगैरे झाल्यावर एक वहिनी म्हणाली, "ताई, आमची गॅस पाहून जा ना. येते, पन जळता जळता फडफडते अन् मंग बुजूनच जाते." तिच्याकडे दोन घनमीटरचं, वर पिंप तरंगणारं गोबर गॅस संयंत्र. पहिलं वर्ष उत्तम चाललं. दुसऱ्या पावसाळ्यात ज्योत नाचायला लागली. पिंप तर फुगून वर आलेलं दिसायचं, म्हणजे वायू भरपूर, पण चुलीपर्यंत पोचत नव्हता. सासऱ्यांचं म्हणणं, "शेणच बरोबर नाही कालवत." नवऱ्याचं म्हणणं, "शेगडी खराब आहे." नवी शेगडी आली, तीही फडफडली. शेवटी ती पुन्हा लाकडाच्या चुलीवर गेली. रोज पन्नास किलो शेण कालवायचं काम मात्र सुटलं नव्हतं, कारण खत शेतात लागत होतं. म्हणजे कष्ट दोन्हीकडचे आणि धूरही नाकात.

शेण बरोबर होतं आणि शेगडीही चांगली होती. दोष जमिनीखाली होता. गोबर गॅस तयार होतो तो ओल्या काल्यातून, त्यामुळे त्याच्यासोबत पाण्याची वाफ येतेच. भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब लोंबत असतात ना, तसंच. ही वाफ गार पाइपात आली की तिचं पाणी होतं. पाइप जर संयंत्राकडे उतरता असेल तर ते पाणी परत टाकीत जातं आणि कोणाला कळतही नाही. पण पाइप मध्येच खाली झोल घेऊन पुन्हा वर चढला असेल तर त्या झोलात पाणी साचतं. आता गंमत बघा. पिंपाच्या वजनाने गॅसला जो दाब मिळतो तो किती? साधारण तीन-चार इंच पाण्याच्या उंचीइतकाच. सिलिंडरसारखा जोर त्यात नसतो. म्हणजे झोलात तीन-चार इंच पाणी उभं राहिलं की वायूची वाट बंद. थोडं कमी असेल तर वायू बुडबुडे काढत पलीकडे जातो, आणि तीच आपली फडफडणारी ज्योत.

वहिनीच्या अंगणात मधोमध बैलबंडीची जुनी वाट होती. बंडीचं चाक पाइपावरून जाऊ नये म्हणून मिस्तरीने तेवढ्या जागी नाली जास्त खोल खणली आणि पुढे पुन्हा वर आणली. हेतू चांगलाच होता. पण पाइप खोल न्यायचाच होता तर तिथून पुढे सगळाच उताराने न्यायचा, किंवा सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची सोय करायची. ती सोय म्हणजे फार मोठं यंत्र नाही. पाइपाला एक टी जोडायचा, त्याचं खालचं तोंड हातभर पाइपाने लांबवून त्याला बूच किंवा छोटा वॉल्व बसवायचा, आणि भोवती विटांचा छोटा हौद करून वर झाकण ठेवायचं. पंधरवड्याने झाकण उचलायचं, बूच सैल करायचं, साचलेलं पाणी काढायचं, लगेच बंद करायचं. त्या वेळी आसपास विडी, काडी, दिवा काही नको. वहिनीच्या घरी असा टी बसवला. पहिल्याच दिवशी तांब्याभर काळपट पाणी निघालं आणि संध्याकाळी निळी ज्योत स्थिर पेटली. सासरे काही बोलले नाहीत, पण चहा मात्र त्यांनीच मागितला.

उताराचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. दर १० फुटांना सव्वा इंच. मिस्तरीकडे पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरून दोन टोकांची पातळी बघता येते. ती त्याने पाइप टाकताना लावली की नाही, एवढं तुम्ही उभं राहून बघा. "डोळ्यानं दिसते ना बरोबर" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यानं दिसणारा उतार अंगणाचा असतो, पाइपाचा नव्हे.

हा गोबर गॅस काही कालपरवाचा नाही बरं का. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिस्थानात मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या पिंपाचं संयंत्र सुटसुटीत केलं, त्याचं नाव 'ग्रामलक्ष्मी'. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं. १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचं, पिंप नसलेलं 'दीनबंधु' संयंत्र आलं. आपल्या महाराष्ट्रात कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि खत यांचा विचार एकत्र केला, आणि त्यांच्याच वाटेने देहूच्या डॉ. सुहास विठ्ठल मापुसकरांनी संडासाला जोडलेली 'मलप्रभा' संयंत्रं उभी केली. तुकोबांच्या देहूत डॉक्टर म्हणून गेलेला हा माणूस जन्मभर संडासांवर काम करत राहिला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शिळ्या अन्नावर चालणारं छोटं संयंत्र केलं, ते शहरातल्या गच्चीवरही बसतं. या सगळ्या मोठ्या माणसांनी टाकीवर डोकं चालवलं. टाकीपासून चुलीपर्यंतचे पन्नास फूट मात्र प्रत्येक घराने आपापले सांभाळायचे असतात, आणि मी पाहिलेली बहुतेक बंद संयंत्रं त्या पन्नास फुटांतच बंद पडलेली आहेत.

जागा निवडताना पुरुषमंडळी हमखास म्हणतात, "कोठ्याजवळ खणा, शेण टाकायला सोपं." तेही खरं आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. एका घनमीटरला पंचवीस किलो, असा हिशेब. त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. पण पाणी कुठून येणार? कोठा परसात, विहीर समोर, आणि दोन्हीमधल्या फेऱ्या बाईच्या. म्हणून खड्ड्याची जागा ठरवायच्या दिवशी घरातल्या बाईने रिकाम्या बादल्या घेऊन एकदा चालून बघावं. मोरीचं पाणी थेट काला करायच्या कुंडीत नेता येतं का, हेही बघावं. पण त्यात साबण-सोडा, फिनाइल जाणार असेल तर नको, शेणातले जंतू मरतात आणि वायू बंद होतो. नुसतं भाज्या-धान धुतलेलं पाणी चालतं.

चूल आणि टाकी यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं, पन्नास-साठ फुटांच्या आत असलेलं उत्तम. अंतर जास्त असेल तर अर्ध्या इंचाचा पाइप पुरत नाही, पाऊण किंवा एक इंची घ्यावा लागतो. दुकानदार अर्धा इंची पुढे करतो कारण तो स्वस्त आणि सगळ्यांकडे तोच जातो. विहिरीपासून मात्र खड्डा दूर हवा, निदान पन्नास फूट. आणि ऊन हवं. शेणातले जंतू पस्तीस अंशांच्या आसपास जोमात काम करतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कशी थंडी पडते हे गोंदियावाल्यांना सांगायला नको. त्या दिवसांत वायू कमी होतो. पाणी थोडं कोमट करून कालवलं आणि टाकीभोवती तणस रचली तर बरंच सावरतं. चिंचेच्या दाट सावलीत संयंत्र बांधलं की हिवाळाभर रडत बसायचं, शिवाय झाडाची मुळं भिंत फोडतात ते वेगळंच.

माती हाही आपल्याकडचा खास विषय. शेतात कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी अशी नावं आपण घेतो, पण अंगण खणताना ती विसरतो. कन्हार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात नुसता ठेवलेला पाइप दरवर्षी थोडा वर-खाली होतो आणि दोन-तीन वर्षांत सांधा निसटतो. म्हणून नालीच्या तळाला चार बोटं रेती किंवा बारीक मुरूम, त्यावर पाइप, पुन्हा रेती, मग माती. दगड-विटांचे तुकडे पाइपावर टाकून नाली बुजवायची सवय मोडायला हवी. आपल्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बोडी-तलाव जवळ असलेल्या गावांत श्रावणात दोन हात खणलं की पाणी लागतं. तेव्हा झाकणाच्या हौदाची कड जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, नाहीतर पावसाचं पाणीच आत जाऊन बसतं.

आता गरम पाण्याचं. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापतं. मोठं गंज चढवायचं, तुराट्या-पऱ्हाट्या, गोवऱ्या, काटक्या घालायच्या आणि मग उकळत्या पाण्याच्या बादल्या उचलून न्हाणीत न्यायच्या. पहाटेच्या अंधारात, ओल्या फरशीवरून, लेकरं पायात घुटमळत असताना. पोळण्याचे किती प्रकार असे होतात ते दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारा. यावर उपाय म्हणून कोणी चूल न्हाणीच्या भिंतीला लागून घेतं, बाहेरून जाळायचं आणि आत भिंतीतून नळ काढायचा. मला हा उपाय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पाइप दोन फुटांचा, खोदकाम काही नाही, धूर बाहेर, पाणी आत.

पण काही ठिकाणी दूर परसात तापवायचं आणि जमिनीखालून पाइपाने घरात आणायचं असा बेत निघतो. अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात लोक तसं करतात. घरापासून लांब शेडमध्ये लाकडाचा बॉयलर असतो आणि त्यातलं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात फिरतं. पण तिथे ते पाइप जाड फोमच्या आवरणात असतात, आवरणावर पाणी न शिरणारं कवच असतं, आणि त्या कवचाला चीर पडून आत भूजल शिरलं की घरात पोचेपर्यंत पाणी कोमट. ओली माती उष्णता अशी शोषून घेते. आपल्या धानाच्या बांधीसारख्या ओल्या जमिनीत साधा पाइप पुरून गरम पाणी आणणं म्हणजे माती तापवणं. गोंदियाच्या ज्या मिलमध्ये उष्णा तांदूळ होतो तिथे कधी गेलात तर बघा. तूस जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात, आणि ती वाफ नेणारे पाइप बहुधा जमिनीत पुरलेले नसतात, आवरण गुंडाळून वरून नेलेले असतात. गळती झाली तर डोळ्यांना दिसते.

थोडा हिशेब करून दाखवते. पाऊण इंची पाइपात वीस मीटर लांबीला सुमारे सहा लिटर पाणी मावतं. म्हणजे छतावरचं सोलर असो की परसातला बंब, तो न्हाणीपासून वीस मीटर लांब असेल तर दर आंघोळीला आधी सहा लिटर गार पाणी सोडून द्यायचं, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात गार होत पडणार. घरात सहा माणसं सवडीने आंघोळीला गेली तर छत्तीस लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाईला हा आकडा सांगा. म्हणून घर बांधतानाच न्हाणी, स्वयंपाकघर आणि पाणी तापवायची जागा एका बाजूला घ्यावी. आणि गरम पाण्याला साधा पांढरा पीव्हीसी पाइप कधीही नको, तो मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी म्हणून वेगळा पाइप मिळतो, तोच मागा.

आणखी एक गोष्ट, ही जरा रागानेच सांगते. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पिंप चारी बाजूंनी बंद करून, त्याला नळ लावून, खाली जाळ घालायचा प्रकार मी दोन घरांत पाहिला. वाफेला बाहेर पडायला मोकळी वाट नसेल तर ते पिंप बॉम्बसारखं फुटू शकतं. मिलच्या बॉयलरची तपासणी करायला सरकारी निरीक्षक असतो. घरच्या पिंपाची तपासणी कोण करणार? वरचं तोंड उघडं असलेलं भांडं किंवा वर मोकळी नळी असलेला बाजारातला बंबच घ्या. त्या मोकळ्या नळीला पाणी उडतं म्हणून बूच मारणारे महाभागही असतात, त्यांना बंबाच्या आसपास फिरकू देऊ नका.

विजेच्या केबलची गोष्ट तर ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. सडक-अर्जुनीकडच्या एका घरी लग्न. मांडवाचे खांब रोवायला पोरांनी सब्बल मारायला सुरुवात केली, आणि अंगणाच्या कोपऱ्यात एकदम ठिणग्या उडाल्या. बोअरच्या मोटारीची केबल वीतभर खोलीवर नुसती मातीत पुरलेली. पोराच्या पायात रबरी बूट होते आणि सब्बल लगेच हातातून सुटली म्हणून निभावलं. आपल्याकडे अंगण म्हणजे दर दोन-चार वर्षांनी मांडव पडायची जागा. खांब कुठे रोवायचे हे जसं ठरलेलं असतं, तशी केबल कुठून नाही हेही ठरलेलं असायला हवं.

केबल पुरायची तर निदान अडीच फूट खोल, तीही लोखंडी कवचाची. खाली रेती, वर रेती, आणि त्यावर विटांची एक ओळ. विटा कशाला? तर पुढे कोणी खणलं तर आधी फावडं विटेला लागतं आणि माणूस थांबतो. गॅसचा पाइप आणि विजेची केबल एका नालीत कधीच नको. मिस्तरी म्हणेल, "एकच नाली खणू, मजुरी वाचते." वाचू द्या दुसरीकडे.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीतही हाच मोह होतो. २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे घरोघरी नळ आले, तेव्हा कितीतरी ठिकाणी संडासाच्या पाइपाशेजारच्या नालीतच नळाची लाइन टाकलेली मी पाहिली. दोन्ही पाइप नवे असताना काही होत नाही. पण एखादा सांधा गळायला लागला, आणि नळाला पाणी नसताना पाइप रिकामा झाला, की आजूबाजूची घाण आत ओढली जाते. मग गावात कावीळ किंवा हगवण निघते आणि आपण म्हणतो पाणी बदललं. या दोन लाइनींत दहा फूट अंतर ठेवावं असा नियम आहे. अंगण लहान म्हणून तेवढं जमत नसेल, किंवा एकमेकींना ओलांडूनच जावं लागत असेल, तर पिण्याचा पाइप वर आणि मैल्याचा खाली, मध्ये निदान दीड-दोन फूट. आणि ओलांडायच्या जागी मैल्याच्या पाइपाचा सांधा नको. संडासाच्या चार इंची पाइपाला दर पाच फुटांना एक इंच उतार द्यावा. काटकोनात वळवू नये, वळणावर चेंबर ठेवावा. एवढं केलं की तुंबलेला पाइप काढायला बांबू घेऊन फिरायची वेळ येत नाही.

गॅसच्या पाइपाबद्दल दोन शब्द राहिले. जमिनीखाली काळा एचडीपीई चांगला, कारण लोखंडी पाइपाला या वायूतला गंधकाचा अंश आतून खातो. पण जमिनीवर उन्हात उघडा राहणारा तुकडा मात्र प्लॅस्टिकचा ठेवू नका, उन्हाने तो तडकतो, उंदीरही कुरतडतात. टाकीजवळ एक कॉक आणि शेगडीजवळ एक कॉक, दोन्ही हवेत. नाली बुजवण्याआधी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडा आला की गळती. काडी ओढून तपासणारे शूरवीर आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना त्या दिवशी दुसरं काम द्या. आणि टाकीत किंवा सेफ्टिक टँकमध्ये कितीही महत्त्वाचं काही पडलं तरी कोणालाही उतरू द्यायचं नाही. आतल्या विषारी वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

बचत गटातल्या बायकांना मी एक काम दिलं होतं. शाळेच्या वहीच्या चौकोनी पानावर आपापल्या घराचा आणि अंगणाचा नकाशा काढून आणा. अक्षर कसंही असू दे, चित्र वाकडं असू दे. सुरुवातीला हसल्या. "आम्ही का तलाठी हाओत?" पण आणले. आणि मग जे बोलणं निघालं ते बैठकीत कधी निघत नव्हतं. एकीला कळलं की तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालूनच मैल्याचा पाइप जातो आणि तिथेच तिने पुदिना लावलाय. दुसरीला आठवेना की बोअरची केबल विहिरीच्या उजवीकडून की डावीकडून. तिने घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, त्यालाही आठवेना, मग दोघं मिळून दीराला फोन.

नकाशात माप टाकताना एक युक्ती करा. प्रत्येक वळण, प्रत्येक सांधा घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून किती फूट, ते लिहा. एका कोपऱ्यापासूनचं अंतर पुरत नाही, दोन लागतात, मग जागा चुकत नाही. "आंब्यापासून तीन पावलं" असं लिहू नका, आंबा पडतो आणि पावलं प्रत्येकाची वेगळी. लाइन गॅसची की पाण्याची ते वेगळ्या रंगाच्या पेनाने. हा कागद सातबारा आणि लाइट बिलाच्या पिशवीत ठेवा. जिथे ब्लॉक किंवा सिमेंट टाकायचं आहे तिथे टाकण्याआधी एक रिकामा तीन-चार इंची पाइप आडवा पुरून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा. खर्च थोडा, पण उद्या काही नवीन आणायचं झालं तर अंगण फोडावं लागत नाही. मुलगा सोलर आणणार म्हणतो, नातवंडं काय आणतील कोण जाणे.

गोबर गॅस नव्याने बांधायचा असेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा. अनुदानाची रक्कम आणि अटी बदलत असतात, त्या वर्षीचं त्या वर्षी विचारावं. संडास जोडलेल्या संयंत्राला थोडं जास्त देण्याचीही पद्धत आहे. आपल्याकडच्या बायका संडासाचा गॅस म्हटलं की नाक मुरडतात, "त्यावर देवाचा नैवेद्य कसा शिजवू?" यावर मी वाद घालत नाही. ज्योतीला वास नसतो एवढंच सांगते, आणि बाकी तिच्या मनावर सोडते. सिलिंडर उज्ज्वला योजनेमुळे २०१६ पासून पुष्कळ घरांत आला, पण तो संपल्यावर पुन्हा भरायला जे पैसे लागतात ते कोणाच्या हातात असतात हे आपल्याला माहीत आहे. दोन घनमीटरचं संयंत्र पूर्ण चाललं तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरचं काम करतं. तेवढ्यासाठी नाली नीट खणून घ्यायला काय हरकत आहे?

खोदकाम दिवाळीनंतर काढा. धान कापून झालेलं असतं, जमिनीत ओल असते म्हणून ती खणायला सोपी जाते, पण नालीत पाणी भरत नाही. मजूरही मिळतात. होळीनंतर कन्हार दगडासारखी होते आणि मजुरी दुप्पट. नाली उघडी असताना, बुजवण्याआधी, बाजूला टेप अंथरून मोबाइलवर चार-सहा फोटो काढून घ्या. आणि बायांनो, ते फोटो मुलाच्या फोनमध्ये नाही, आपल्या फोनमध्ये ठेवा. मुलगा नागपूरला असतो, आणि पाइप नेमका सोमवारी सकाळी तुंबतो.